एमआरएनए लस तंत्रज्ञान: कोविडनंतर आता कोणकोणत्या आजारांवर उपयोग होऊ शकतो?

ओपीडी संपत आली असताना एक ओळखीचे गृहस्थ आईची फाईल घेऊन आले. आईंचे वय ६२, स्तनाच्या कॅन्सरचे निदान झालेले, शस्त्रक्रियेची तारीख पुढच्याच आठवड्यातली. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. 'कॅन्सरवर लस आली, आता केमोची गरज नाही' असा एक व्हिडिओ होता. म्हणाले, "डॉक्टर, ऑपरेशन दोन-तीन महिने पुढे ढकललं तर चालेल का? तोवर ही लस आपल्याकडे येईल ना?"

हा प्रश्न हल्ली मला वरचेवर ऐकायला मिळतो. अडचण अशी की या बातम्या पूर्णपणे खोट्या नसतात. एमआरएनए तंत्रज्ञानावर जगभर खरोखर मोठे काम सुरू आहे आणि काही निकाल आशादायक आहेत. पण 'अभ्यासात चांगला निकाल आला' आणि 'आपल्या रुग्णाला आज मिळेल' यांत बरेच अंतर असते. ते अंतर नेमके किती आहे, हे आजारानुसार या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

- एमआरएनए हे एखादे औषध नाही, शरीराच्या पेशींना सूचना पोचवण्याची पद्धत आहे. त्यामुळे प्रत्येक आजारासाठी तिचा उपयोग वेगवेगळा सिद्ध करावा लागतो.
- कोविड आणि आरएसव्ही या दोन विषाणूंवरच्या एमआरएनए लसींना काही देशांत मान्यता मिळाली आहे.
- कॅन्सरवरच्या एमआरएनए लसी अजून अभ्यासाच्या पातळीवर आहेत. त्या कॅन्सर झालेल्यांना, शस्त्रक्रिया आणि इतर उपचारांच्या जोडीने दिल्या जातात.
- या लसीची वाट पाहत शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा रेडिएशन पुढे ढकलू नका.
- 'एमआरएनए कॅन्सर लस' म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर आधी तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा.

एमआरएनए म्हणजे काय?

जुन्या दवाखान्यांत डॉक्टर चिठ्ठीवर औषध लिहून देत आणि खिडकीतला कंपाउंडर ती चिठ्ठी वाचून बाटलीत मिक्श्चर तयार करून देत असे. रुग्णाचा केसपेपर मात्र डॉक्टरांच्या कपाटातच राहत असे.

आपल्या पेशीत साधारण असेच चालते. डीएनए हा मूळ केसपेपर. तो पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेला असतो. प्रथिने (प्रोटीन) तयार करण्याचे काम केंद्रकाच्या बाहेर, रायबोसोम नावाच्या सूक्ष्म यंत्रणेत होते. केंद्रकातून रायबोसोमपर्यंत जी चिठ्ठी जाते ती म्हणजे मेसेंजर आरएनए, अर्थात एमआरएनए. चिठ्ठी वाचून प्रथिन तयार होते आणि काम झाले की पेशी ती चिठ्ठी नष्ट करते.

नेहमीच्या लसीत आपण मेलेला किंवा अशक्त केलेला जंतू, किंवा त्याचा एखादा तुकडा शरीरात टोचतो. एमआरएनए लसीत त्या तुकड्याची फक्त चिठ्ठी पाठवतो. आपल्याच पेशी ती वाचून तो तुकडा थोडा काळ बनवतात. प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखते आणि पुढच्या वेळेसाठी तयार राहते.

या पद्धतीची तीन वैशिष्ट्ये लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या बातम्या त्यांच्या आधाराने समजतील.

१. चिठ्ठी पटकन बदलता येते. यंत्रणा तीच ठेवून फक्त मजकूर नवा लिहायचा. त्यामुळे एकेका रुग्णासाठी वेगळी लस बनवणेही शक्य होते.

२. चिठ्ठी फार काळ टिकत नाही. लसीसाठी हे सोयीचे आहे. पण जिथे एखादे प्रथिन आयुष्यभर हवे, तिथे पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागतात.

३. चिठ्ठी योग्य पत्त्यावर पोचावी लागते. उघडा एमआरएनए शरीरात लगेच नष्ट होतो, म्हणून तो स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळतात. त्यांना लिपिड नॅनोपार्टिकल म्हणतात. हे थेंब शिरेतून दिले तर बहुतेक यकृतात (लिव्हर) जातात. मेंदू, हृदय, मूत्रपिंड अशा अवयवांपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचवणे अजून अवघड आहे.

हे तंत्रज्ञान एका वर्षात तयार झाले का?

नाही. एमआरएनएचा शोध १९६१ सालचा आहे. १९९० मध्ये उंदरांच्या स्नायूत एमआरएनए टोचून प्रथिन तयार होते, हे दाखवले गेले. पण बाहेरून दिलेला एमआरएनए दिसला की शरीर त्याला विषाणू समजे आणि जोरदार दाह सुरू होई. कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी एमआरएनएच्या एका घटकात छोटा बदल करून हा दाह टाळता येतो, हे २००५ मध्ये प्रसिद्ध केले. २०२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा पायाभूत काम तयार होते, म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लस वापरात येऊ शकली.

आपण घेतलेली कोविडची लस एमआरएनए होती का?

बहुतेकांची नव्हती. भारतात प्रामुख्याने कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशील्ड ही दुसऱ्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर आधारित होती, तर कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला कोरोना विषाणू होता. फायझर आणि मॉडर्ना या एमआरएनए लसी मुख्यतः अमेरिका, युरोप आणि इतर काही देशांत वापरल्या गेल्या. तुमची मुले परदेशात असतील, तर त्यांनी कदाचित या घेतल्या असतील.

भारताची स्वतःची एमआरएनए लसही आहे, आणि ती पुण्यातली. जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीच्या 'जेमकोव्हॅक-१९' लसीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळाली. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास साठवावी लागत असे. जेनोव्हाची लस २ ते ८ अंशांत, म्हणजे दवाखान्यातल्या साध्या फ्रीजमध्ये राहू शकते. आपल्यासारख्या उष्ण आणि विस्तीर्ण देशात हा फरक फार महत्त्वाचा आहे. मात्र ती येईपर्यंत बहुतेकांचे लसीकरण झालेले होते, त्यामुळे तिचा वापर मर्यादित राहिला.

कॅन्सरवरची एमआरएनए लस: खरी स्थिती काय?

'लस' म्हटले की आपल्याला आजार होऊ नये म्हणून घ्यायची गोष्ट आठवते. कॅन्सरची एमआरएनए लस तशी नाही. ती कॅन्सर झालेल्या रुग्णावरचा उपचार आहे. निरोगी माणसाने टोचून घ्यावी अशी ती लस नव्हे.

*ती कशी बनवतात?*

कॅन्सरच्या पेशींच्या डीएनएत चुका झालेल्या असतात. त्यामुळे त्या काही वेगळी प्रथिने बनवतात, जी निरोगी पेशींत नसतात. प्रत्येक रुग्णात या चुका निराळ्या असतात. म्हणून प्रत्येकासाठी लस वेगळी बनवावी लागते:

- शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा आणि रुग्णाचे रक्त प्रयोगशाळेत जाते.
- दोन्हींचा डीएनए तपासून कॅन्सरमध्ये कोणत्या चुका आहेत ते शोधतात.
- प्रतिकारशक्तीला ओळखता येतील अशा चुका संगणकाच्या मदतीने निवडतात.
- त्या चुकांची माहिती एका एमआरएनएत लिहून त्या एकाच रुग्णासाठी लस तयार करतात. याला साधारण सहा ते नऊ आठवडे लागतात.
- ठरावीक अंतराने अनेक डोस देतात.

पहिली पायरी पुन्हा वाचा. आजवरच्या प्रमुख अभ्यासांत लसीची सुरुवातच शस्त्रक्रियेतून मिळालेल्या गाठीपासून होते. शस्त्रक्रिया टाळण्यासाठी ही लस नाही.

*त्वचेचा कॅन्सर (मेलॅनोमा)*

सर्वांत पुढे गेलेला अभ्यास हाच आहे. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांच्या लसीचा १५७ रुग्णांवर अभ्यास झाला. सर्वांचा मेलॅनोमा शस्त्रक्रियेने काढलेला होता, पण तो उलटण्याची शक्यता जास्त होती. काहींना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध एकटे दिले, तर इतरांना त्याच्या जोडीला लस दिली. सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात लस घेतलेल्यांत आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४९ टक्के कमी आढळला.

हा आकडा नीट समजून घ्या, कारण व्हिडिओंत तो बरोबर सांगत नाहीत. ४९ टक्के कमी धोका म्हणजे १०० पैकी ४९ जण बरे झाले, असे नाही. अडीच वर्षांनी आजार न उलटता असलेले रुग्ण लसीच्या गटात १०० मागे सुमारे ७५ होते आणि फक्त इम्युनोथेरपीच्या गटात सुमारे ५६. म्हणजे १०० मागे आणखी १९ जणांना फायदा झाला, आणि लस घेऊनही सुमारे २५ जणांना झाला नाही. कॅन्सरच्या उपचारात १९ हा आकडा मोठाच आहे. पण हा दुसऱ्या टप्प्यातला, छोटा अभ्यास आहे. तिसऱ्या टप्प्यातला मोठा अभ्यास काय सांगतो, त्यावर मान्यता अवलंबून राहील. फुफ्फुसाच्या कॅन्सरवरही याच लसीचा मोठा अभ्यास सुरू आहे.

आणखी एक गोष्ट. मेलॅनोमा गोऱ्या त्वचेच्या लोकांत जास्त होतो. आपल्याकडे तो तुलनेने दुर्मीळ आहे. आपल्याकडे जास्त दिसणारे तोंडाचे, स्तनाचे आणि गर्भाशयाच्या मुखाचे कॅन्सर वेगळे आहेत. मेलॅनोमातला निकाल जसाच्या तसा त्यांना लावता येत नाही.

*स्वादुपिंडाचा कॅन्सर*

हा फार अवघड कॅन्सर आहे. शस्त्रक्रियेनंतरही तो अनेकदा उलटतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये डॉ. विनोद बालचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली १६ रुग्णांना त्यांच्यासाठी खास बनवलेली एमआरएनए लस दिली गेली. त्यांपैकी ८ जणांच्या प्रतिकारशक्तीने लसीला प्रतिसाद दिला. तीन वर्षांहून अधिक पाठपुरावा झाल्यावर या ८ पैकी दोघांचा आजार उलटला होता. प्रतिसाद न दिलेल्या ८ पैकी सात जणांचा उलटला.

यातून आशा नक्की वाटते. पण रुग्ण फक्त सोळा होते आणि तुलनेसाठी लस न दिलेला गट नव्हता. ज्यांची प्रतिकारशक्ती मुळात चांगली होती त्यांनीच प्रतिसाद दिला असेल, ही शंकाही उरते. म्हणून मोठा अभ्यास सुरू केला आहे. आणि या सोळाही जणांची आधी शस्त्रक्रिया झालेली होती. लसीबरोबर इम्युनोथेरपी आणि केमोथेरपीही उपचाराचा भाग होती.

*रशियाच्या लसीचे काय?*

डिसेंबर २०२४ मध्ये रशियाने एमआरएनए कॅन्सर लस तयार झाल्याची आणि ती रुग्णांना मोफत देण्याची घोषणा केली. त्यानंतर आपल्याकडे याचे असंख्य मेसेज फिरले. काही मेसेजमध्ये तर दुसरीच, एमआरएनए नसलेली रशियन लस यात मिसळली होती. सरकारी घोषणा आणि वैद्यकीय पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती रुग्णांना दिली, कोणाशी तुलना केली, किती वर्षे पाठपुरावा केला, हे तपशील वैद्यकीय नियतकालिकात तपासून प्रसिद्ध झाल्याशिवाय कोणताही डॉक्टर तिच्या भरवशावर उपचार बदलणार नाही.

संसर्गजन्य आजार

*आरएसव्ही:* लहान मुलांना आणि वृद्धांना श्वसनाचा गंभीर त्रास देणारा हा विषाणू आहे. मॉडर्नाच्या एमआरएनए लसीला मे २०२४ मध्ये अमेरिकेत ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्यता मिळाली. कोविडनंतर एमआरएनएचा मान्यताप्राप्त वापर होणारा हा पहिला आजार.

*फ्लू:* फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो. सध्याची बहुतेक लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून बनते, त्यामुळे कोणत्या विषाणूसाठी लस बनवायची हे हंगामाच्या कित्येक महिने आधीच ठरवावे लागते. चिठ्ठी पटकन बदलता येण्याचा फायदा इथे होतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १८ हजार प्रौढांवरच्या अभ्यासात फायझरची एमआरएनए लस घेतलेल्यांना नेहमीची लस घेतलेल्यांपेक्षा फ्लू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. मात्र ताप येणे, दंड दुखणे हे त्रास जास्त झाले. तोपर्यंत तुमच्या घरातल्या ज्येष्ठांनी, मधुमेही आणि दम्याच्या रुग्णांनी फ्लूची उपलब्ध लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

*क्षयरोग (टीबी):* जगातले सुमारे एक चतुर्थांश टीबीचे रुग्ण भारतात आहेत. शंभर वर्षांपूर्वीची बीसीजी लस बाळांना गंभीर टीबीपासून वाचवते, पण मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीपासून पुरेसे संरक्षण देत नाही. बायोएनटेक कंपनीने जर्मनी आणि दक्षिण आफ्रिकेत टीबीवरच्या एमआरएनए लसीचे प्राथमिक अभ्यास सुरू केले आहेत. टीबीचा जंतू कोरोनासारखा साधा नाही. त्याची हजारो प्रथिने असतात आणि त्यांतले कोणते निवडावे हेच कोडे आहे. म्हणून इथे वेळ लागेल.

*अपयशही येते:* गरोदरपणात संसर्ग झाल्यास बाळाच्या श्रवणशक्तीवर परिणाम करणाऱ्या सीएमव्ही विषाणूवरच्या एमआरएनए लसीकडून मोठ्या अपेक्षा होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले, की तिसऱ्या टप्प्यात ती संसर्ग रोखू शकली नाही. कोविडमध्ये यश मिळाले म्हणून दुसरीकडे मिळेलच असे नाही, याचे हे स्पष्ट उदाहरण.

जन्मजात आणि दुर्मीळ आजार

काही मुलांच्या यकृतात जन्मतःच एखादे एन्झाइम तयार होत नाही. शरीरात अमोनियासारखे घातक पदार्थ साचतात आणि मेंदूला इजा होते. एमआरएनएचे थेंब यकृतात सहज जातात, त्यामुळे अशा आजारांत दोन प्रकारे प्रयत्न चालू आहेत.

पहिला प्रकार: कमी असलेल्या एन्झाइमची चिठ्ठी ठरावीक दिवसांनी देत राहणे. प्रोपियॉनिक अॅसिडेमिया या आजाराच्या १६ रुग्णांवरच्या प्राथमिक अभ्यासाचे निकाल २०२४ मध्ये आले. उपचार सहन होतो आणि आजाराचे झटके कमी होत असावेत, असे त्यातून दिसले.

दुसरा प्रकार: डीएनएतली चूक दुरुस्त करणारे 'अवजार' बनवण्याची चिठ्ठी पाठवणे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात सीपीएस१ या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळासाठी असा उपचार केवळ सहा महिन्यांत तयार केला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिला डोस दिला. त्यानंतर बाळाला जास्त प्रथिने पचू लागली आणि औषधे कमी करता आली. हा एकाच बाळाचा अनुभव आहे आणि पाठपुरावा अजून चालू राहील. याच पद्धतीच्या, दुसऱ्या आजारावरच्या एका अभ्यासात यकृताला गंभीर इजा झाल्याने २०२५ मध्ये तो थांबवावा लागला होता. म्हणून उत्साहाबरोबर सावधपणाही हवा.

मधुमेह, संधिवात यांच्यावर येईल का?

माझ्या दवाखान्यात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. मधुमेहात इन्सुलिन किती हवे हे दर तासाला, जेवणानुसार बदलते. एमआरएनएने प्रथिन तयार होऊ लागले की ते मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. म्हणून इन्सुलिनऐवजी एमआरएनए ही कल्पना आज व्यवहार्य नाही. तुमच्या गोळ्या, इन्सुलिन, आहार आणि चालणे सुरूच ठेवा.

ल्युपससारख्या आजारांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. तिला शांत करण्यासाठी एमआरएनए वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ते प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या किंवा अगदी सुरुवातीच्या अभ्यासांच्या पातळीवर आहेत.

एमआरएनए लस सुरक्षित आहे का?

कोविडच्या निमित्ताने या लसींचे कोट्यवधी डोस दिले गेले, त्यामुळे त्यांचे दुष्परिणाम चांगले माहीत आहेत.

- नेहमीचे: दंड दुखणे, ताप, अंगदुखी, थकवा. एक-दोन दिवसांत कमी होतात.
- दुर्मीळ: तीव्र अॅलर्जी. म्हणून लस घेतल्यावर १५ ते ३० मिनिटे थांबायला सांगतात.
- दुर्मीळ: हृदयाच्या स्नायूला सूज (मायोकार्डायटिस). ही मुख्यतः तरुण मुलांमध्ये दिसली. अमेरिकेतल्या २०२५ च्या अधिकृत माहितीनुसार १२ ते २४ वर्षांच्या मुलग्यांत दहा लाख डोसमागे सुमारे २७. बहुतेक रुग्ण उपचाराने सुधारले. लसीनंतर काही दिवसांत छातीत दुखणे, धाप लागणे किंवा धडधड झाल्यास डॉक्टरांकडे लगेच जावे.

लसीतला एमआरएनए आपला डीएनए बदलतो का? नाही. तो केंद्रकात जात नाही आणि काही दिवसांत नष्ट होतो. वर सांगितलेला बाळाचा उपचार वेगळा होता. तिथे डीएनए दुरुस्त करणारे अवजार मुद्दाम बनवून घेतले होते. लसीत तसे काही नसते.

एक मर्यादा मान्य करायला हवी. लसीचे दोन-तीन डोस सुरक्षित ठरले म्हणून जन्मजात आजारासाठी वर्षानुवर्षे दिले जाणारे डोसही तितकेच सुरक्षित असतील, असे गृहीत धरता येत नाही. ते स्वतंत्रपणे तपासावे लागते.

भारतात कधी मिळेल? खर्च किती येईल?

कॅन्सर लसीबद्दल नक्की तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आधी तिसऱ्या टप्प्याचे निकाल, मग परदेशातली मान्यता, मग भारताच्या औषध नियामकांची परवानगी, असा तो रस्ता आहे. शिवाय प्रत्येक रुग्णासाठी वेगळी लस बनवायची म्हणजे खर्च मोठाच. मेलॅनोमाच्या अभ्यासात सोबत दिलेल्या इम्युनोथेरपीच्या एकेका डोसची किंमतच आपल्याकडे लाखांत जाते. संशोधनाचा निधीही नेहमी सुरळीत मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने एमआरएनए लसींच्या २२ प्रकल्पांचा सुमारे ५० कोटी डॉलरचा निधी थांबवला. दुसरीकडे, साध्या फ्रीजमध्ये राहणारी एमआरएनए लस पुण्यात बनू शकली, ही आपल्यासाठी जमेची बाजू आहे.

कोणी 'कॅन्सरची लस' देऊ केली तर काय विचाराल?

- ही मान्यताप्राप्त उपचारपद्धती आहे की अभ्यास (क्लिनिकल ट्रायल)?
- अभ्यास असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक काय? या यादीत इंटरनेटवर कोणालाही मोफत शोधता येते.
- रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी आहे का? मराठीत समजेल असे संमतीपत्र मिळेल का?
- नेहमीचे उपचार चालू राहणार का?
- काही इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार? भारतातल्या नियमांनुसार अभ्यासामुळे झालेल्या इजेची जबाबदारी अभ्यास करणाऱ्यांवर असते.

सावध व्हावे अशी लक्षणे: आगाऊ मोठी रक्कम मागणे, 'शंभर टक्के गुण' म्हणणे, केमो बंद करायला सांगणे, बायोप्सीचा रिपोर्ट न पाहता लस देणे, फक्त व्हॉट्सअॅपवर बोलणे. गाठीची तपासणीच केली नसेल, तर त्या रुग्णासाठी खास लस बनणेच शक्य नाही. एवढे लक्षात ठेवले तरी बरीचशी फसवणूक टळेल.

आज उपलब्ध असलेल्या, कॅन्सर टाळणाऱ्या लसी

एमआरएनएच्या गडबडीत आपण दोन जुन्या, उपयुक्त लसी विसरतो. एचपीव्हीची लस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून संरक्षण देते. सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस बाजारात आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती दिल्यास सर्वांत जास्त फायदा होतो. हिपॅटायटिस बीची लस यकृताचा कॅन्सर टाळायला मदत करते आणि बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत दिली जाते. या दोन्ही एमआरएनए लसी नाहीत, पण सिद्ध झालेल्या आहेत. घरात मुली असतील तर हा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*काढलेली गाठ पुढच्या लसीसाठी जपून ठेवावी का?*
गाठीचे ब्लॉक आणि स्लाइड पॅथॉलॉजी विभागात ठेवलेले असतात. ते कुठे आहेत याची नोंद आणि सगळे रिपोर्ट नीट ठेवा. पुढे कोणताही नवा उपचार किंवा अभ्यास आला तर उपयोगी पडतील. यासाठी वेगळे पैसे भरून गाठ साठवण्याची मात्र आज गरज नाही.

*चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरला लस चालेल का?*
आजवरचे चांगले निकाल प्रामुख्याने गाठ काढून झाल्यावर, शरीरात कॅन्सर अगदी कमी उरलेला असताना आलेले आहेत. पसरलेल्या कॅन्सरमध्ये प्रतिकारशक्तीचे काम खूप अवघड होते.

*अभ्यासात भाग घ्यायचा असेल तर?*
तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोला. पात्रतेचे निकष कडक असतात. निवड झाली नाही तर उपचारात काही कमी राहिले, असे मानू नका.

शेवटी

त्या गृहस्थांना मी हेच समजावले. मेलॅनोमाचा अभ्यास कागदावर काढून दाखवला आणि म्हणालो, "बातमी चांगली आहे, पण ती आईंच्या या महिन्यातल्या निर्णयासाठी नाही. त्या अभ्यासातल्या लोकांचंसुद्धा आधी ऑपरेशनच झालं होतं." ते थोडा वेळ गप्प बसले, मग फाईल उचलली. आईंची शस्त्रक्रिया ठरल्या तारखेला झाली. आता केमोथेरपी चालू आहे. मुलगा अजूनही मला व्हिडिओ पाठवतो, पण आता खाली लिहितो, 'डॉक्टर, फक्त माहितीसाठी.'

तुमच्याकडेही असा मेसेज आला तर तो पुढे पाठवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. विचारायला संकोच वाटू देऊ नका. आशा जरूर ठेवा, आणि आज हातात असलेला उपचार वेळेवर पूर्ण करा.

*सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबाबतचा निर्णय तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*